मोठ्या घराचा विचार करताना

गेल्या वैशाखातील एका संध्याकाळी माझ्या दवाखान्यात एक जोडपे आले. पत्नीच्या हातात रक्तदाबाच्या नोंदींची वही होती आणि पतीच्या हातात एका गृहसंकुलाचे गुळगुळीत माहितीपत्रक. वही तपासून झाल्यावर त्यांनी ते माहितीपत्रक माझ्यासमोर ठेवले. भिवंडीच्या जुन्या वस्तीतील कासार आळीच्या परिसरात दोन खोल्यांत पाच माणसे राहणारे हे कुटुंब. काल्हेरच्या बाजूला तीन खोल्यांची सदनिका त्यांनी पाहून ठेवली होती. ‘‘डॉक्टर, बाकीचं आम्ही बघू. तुम्ही फक्त एवढंच सांगा, आईला तिथे मानवेल का? आणि मुलाचा खोकला तिथे तरी थांबेल का?’’

वाचकहो, हा प्रश्न मला नवा नाही. भिवंडीत गेल्या काही वर्षांत काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, अंजूरफाटा, कोनगाव, सरवली अशा सर्व दिशांना इमारती वाढत आहेत. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले आणि तेव्हापासून तिचे खांब हे प्रत्येक माहितीपत्रकाचे भूषण झाले आहे. नागपूरहून येणारा समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणे येथे येऊन मिळाला तो जून २०२५ मध्ये. जागेचे भाव चढतील या धास्तीने माणसे घाईने निर्णय घेतात. घर किती चौरस फुटांचे, हप्ता किती, मेट्रो केव्हा, एवढ्याच प्रश्नांवर बहुधा व्यवहार ठरतो. त्या घरात राहणाऱ्यांच्या प्रकृतीचा प्रश्न क्वचितच विचारला जातो. म्हणून त्या जोडप्याचे मला कौतुक वाटले. आणि म्हणूनच मी त्यांना लगेच उत्तर दिले नाही.

उत्तर न देण्याचे कारण माझ्याच एका चुकीत आहे.

एक घाईचा सल्ला

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका यंत्रमाग कारखान्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्या कुटुंबातील सहा वर्षांचा मुलगा माझ्याकडे दम्यासाठी येत असे. दोन लहान खोल्या, हवा येण्यास एकच खिडकी आणि तीही कारखान्याच्या बाजूला. सुताचे बारीक तंतू पडद्यावर बसलेले दिसत. मी मोठ्या अधिकाराने सांगितले, ‘‘हे घर सोडा. मोकळ्या जागी मोठे घर घ्या.’’ त्यांनी ऐकले. कर्ज काढून शहराबाहेर दुप्पट मोठी जागा घेतली.

वर्षभरानंतर मुलाला घेऊन आई आली तेव्हा त्याचा दमा कमी झालेला नव्हता. नवी इमारत गोदामांकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर होती. रात्रंदिवस कंटेनर जात आणि उन्हाळ्यात बंद खिडकीच्या आतल्या बाजूलाही धुळीचा थर साचे. वडील रोज दुचाकीवरून दोन अडीच तास प्रवास करीत होते. सर्वांत अधिक नुकसान झाले ते आजोबांचे. जुन्या घरी ते सकाळी दूध आणायला, संध्याकाळी देवळात आणि मग ओट्यावर बसायला जात. सगळे मिळून तास दीड तास त्यांचे चालणे होई. नव्या जागी पदपथ नव्हता, ओळखीचे माणूस नव्हते. ते चौथ्या मजल्यावर खुर्चीत बसून राहू लागले. पुढच्या दीड वर्षात त्यांची साखर आटोक्याबाहेर गेली, पायांतील बळ गेले आणि बोलणेही कमी झाले.

त्या घराविषयी मी एकही प्रश्न विचारला नव्हता. कोणत्या रस्त्यावर आहे, पाणी कुठून येते, उद्वाहन आहे का, आजोबा दिवसभर काय करतील, यांपैकी काहीही. रुग्णाला औषध देण्यापूर्वी आम्ही आधी कोणती औषधे चालू आहेत हे विचारतो. घर बदलण्याचा सल्ला मात्र मी काहीही न विचारता दिला. त्यानंतर मी स्वतःला काही प्रश्नांची सवय लावून घेतली. तेच प्रश्न आज आपल्यासमोर ठेवतो.

आपले आताचे घर आजार देत आहे का?

पहिला प्रश्न नव्या घराविषयी नाही, जुन्या घराविषयी आहे. लहान घर आणि आरोग्याला घातक घर या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

दाटीवाटीचा आरोग्याशी संबंध नक्कीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घर आणि आरोग्य यांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत घरातील गर्दी कमी करण्यास महत्त्वाचे स्थान दिले आहे. एका खोलीत पाच माणसे झोपत असतील आणि त्यांतील एकाला फुफ्फुसाचा क्षयरोग झाला, तर उरलेल्या चौघांना रात्रीचे आठ तास तीच हवा श्वासात घ्यावी लागते. गोवर, कांजिण्या, इन्फ्लुएन्झा, खरूज हे सारे दाटीचे सोबती आहेत. झोपेचेही तसेच. पहाटे पाळीवरून येणारा बाप, अभ्यास करणारी मुलगी आणि रात्री तीनदा उठणारी आजी एकाच खोलीत असतील तर कोणाचीच झोप पूर्ण होत नाही. अपुऱ्या झोपेने रक्तदाब वाढतो, साखर वाढते, चिडचिड वाढते.

परंतु केवळ चौरस फूट वाढवून हे दोष जात नाहीत. मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ सुरू झाली आणि त्यानंतर १८९८ मध्ये मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दादर, माटुंगा हे भाग या ट्रस्टने नव्या उपनगरांच्या रूपाने आखले. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईतील घरांतल्या उजेडावर आणि हवेवर व्याख्यान दिले होते. ट्रस्टचा एक साधा दंडक होता. खिडकीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे पाहिले, तर दृष्टीचा कोन साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक नसावा. गणिताच्या भाषेत, समोरची इमारत खिडकीपेक्षा जेवढी उंच असेल, त्याच्या निम्मे तरी अंतर मध्ये मोकळे हवे. शंभर वर्षांनंतर आपण हा दंडक विसरलो. गोवंडीजवळच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींमध्ये झोपडीतून आलेल्या कुटुंबांना पक्क्या इमारती मिळाल्या. पण इमारतींमध्ये इतके कमी अंतर होते की खालच्या मजल्यांवर सूर्यप्रकाश पोहोचेना. तेथील क्षयरोगाच्या मोठ्या प्रमाणाचा संबंध अभ्यासकांनी या अंधाराशी आणि कोंडलेल्या हवेशी जोडला.

म्हणून आपल्या आताच्या घरात एक दिवस डोळसपणे पाहा. दुपारी बारा वाजता दिवा न लावता वर्तमानपत्र वाचता येते का? समोरासमोर दोन उघडी ठिकाणे आहेत का, की ज्यांतून वारा आरपार जाईल? भिंतीला ओल आहे का? उष्ण आणि दमट हवेच्या प्रदेशात खोलीच्या जमिनीच्या निदान एक-षष्ठांश इतकी खिडकी असावी, असे मानले जाते. घरात कोणाला क्षयरोग, दमा वा वारंवार सर्दी आहे का? जुन्या घरात उजेड आणि वारा असेल, शेजार चांगला असेल आणि अडचण फक्त जागेची असेल, तर पोटमाळा, भिंतीतील कपाटे, जवळच अभ्यासिकेची सोय, अशा लहान उपायांनीही काही वर्षे निभावतात. लहान घरात राहणे हा आजार नाही. त्याची लाजही बाळगू नये.

जेथे निवडीला जागा नाही

एका बाबतीत मात्र मी कोणतीही चर्चा करीत नाही. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधील जिलानी ही तीन मजली इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली. इमारत १९८४ ची, म्हणजे फार जुनीही नव्हती. किमान ३८ माणसे गेली आणि त्यांत लहान मुले पुष्कळ होती. पुढे २९ एप्रिल २०२३ रोजी वळपाडा येथे वर्धमान कंपाउंडमधील इमारत पडली. तिच्या खाली गोदाम होते आणि वर राहती घरे होती. त्या दुर्घटनेत आठ जणांचा मृत्यू झाला.

तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणे महाराष्ट्रात कायद्याने बंधनकारक आहे. तपासणीनंतर इमारतींची वर्गवारी होते आणि त्यांतील सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तत्काळ रिकामी करावयाची. आपल्या इमारतीला अशी नोटीस आली असेल, खांबांना उभ्या भेगा असतील, गंजलेल्या सळ्या दिसत असतील, दारे अचानक अडकू लागली असतील, तर मोठे घर की लहान घर, हा विचार बाजूला ठेवा. भाड्याच्या एका खोलीत जा, नातलगांकडे जा, पण आधी बाहेर पडा. घरावरील हक्क जाईल या भीतीने माणसे थांबतात. ही भीती मला समजते. त्यासाठी ताब्याचे, भाड्याचे, वीजदेयकाचे सर्व कागद जपा, महापालिकेकडून भोगवटादार असल्याची लेखी नोंद घ्या. मात्र कागदांसाठी मुलांना त्या छताखाली झोपवू नका.

नवे उपनगर चार वेळा पाहा

आता नव्या घराकडे वळू. विकसित होत असलेले उपनगर म्हणजे अपुरे उपनगर. इमारत आधी येते. रस्ता, गटार, पाणी, बाग, दवाखाना हे मागाहून येतात आणि कधी दहा वर्षांनी येतात. आपण त्या मधल्या वर्षांत तेथे राहणार आहोत आणि आपल्या मुलाचे बालपण त्याच वर्षांत सरणार आहे, हे ध्यानात ठेवावे.

नमुना सदनिका रविवारी दुपारी पाहणे पुरेसे नाही. जागा निदान चार वेळा पाहावी. एकदा कामाच्या दिवशी सकाळी आठ वाजता, म्हणजे शाळेचा व कामाचा प्रवास कसा होईल ते कळेल. एकदा रात्री दहा-अकरा वाजता, म्हणजे कंटेनरची वाहतूक, जवळच्या कारखान्याचा आवाज आणि रस्त्यावरचे दिवे कळतील. एकदा पावसाळ्यात, मुसळधार पाऊस होऊन गेल्यावर. कामवारी नदीला पूर आला की आपल्या शहरात तीनबत्ती, निजामपुरा, ईदगाह रोड या भागांत काय होते ते आपण पाहतोच. नव्या इमारती तर कित्येकदा भातखाचरांत आणि खाडीलगतच्या सखल जमिनीत भराव टाकून उभ्या राहतात. आणि एकदा मे महिन्यात, पाण्यासाठी. भिवंडीकरांना आणखी एक सूचना. घर यंत्रमागांजवळ असेल तर शुक्रवारी पाहू नका. बऱ्याच कारखान्यांना त्या दिवशी सुटी असते आणि ती शांतता फसवी असते. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलहून अधिक आवाज नसावा, असे आपले नियम सांगतात. चालू यंत्रमागाच्या शेडमध्ये याच्या दुपटीहून मोठा आकडा असतो.

या भेटींत चार गोष्टी विचाराव्यात.

पहिली, धूळ. बांधकामाची आणि कच्च्या रस्त्याची धूळ दम्याला, जुनाट खोकल्याला आणि हृदयरोगालाही बाधक असते. घरात दमेकरी असेल तर रस्त्यापासून आत, मधे झाडी वा दुसरी इमारत असलेली जागा निवडावी. शेजारच्या भूखंडावर पुढील काही वर्षांत काय उभे राहणार आहे ते विचारावे. जवळच्या गोदामांत काय साठवले जाते हेही पाहावे. गोदामांना लागणाऱ्या आगी आणि त्यांचा धूर भिवंडीकरांना सांगायला नको. नव्याने रंगवलेल्या घरात लगेच राहायला जाऊ नये. खिडक्या उघड्या ठेवून काही आठवडे वास जाऊ द्यावा.

दुसरी, पाणी. नळाचे पाणी दिवसातून किती वेळ येते, की टँकरवरच भिस्त आहे? हे विक्रेत्याला विचारू नका. तेथे राहणाऱ्या गृहिणीला विचारा. टँकरचे पाणी कोठून भरले जाते हे बहुधा कोणाला ठाऊक नसते. टायफॉइड आणि कावीळ यांचे रुग्ण अशा वसाहतींतून आले की मी आधी टाकी केव्हा धुतली ते विचारतो. टँकर असेल तर क्लोरिनची मात्रा, टाकीची सफाई आणि घरात पाणी उकळणे यांना पर्याय नाही.

तिसरी, डास. मलेरिया पसरवणारा शहरी ॲनोफिलिस डास बांधकामावरील साठलेल्या पाण्यात आणि उघड्या टाक्यांत वाढतो. डेंग्यूचा एडिस पिंपांत, टायरांत, कुंड्यांखालच्या ताटल्यांत. चारी बाजूंनी बांधकामे चालू असतील तर पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत हे आजार येणार असे धरूनच चालावे. खिडक्यांना जाळ्या बसवण्याचा खर्च घराच्या किमतीतच मोजावा.

चौथी, रुग्णालयाचे अंतर. ते किलोमीटरमध्ये मोजू नये, संध्याकाळी सहा वाजता लागणाऱ्या मिनिटांत मोजावे. पक्षाघातात रक्ताची गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते आणि त्यातही प्रत्येक मिनिटाला किंमत असते. हृदयविकाराच्या झटक्यात पहिला तास मोलाचा. मानकोली नाका, अंजूरफाटा किंवा कशेळीचा पूल येथे वाहने अडकली की आपला किती वेळ जातो, हे एकदा स्वतः गाडीत बसून पाहा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकाही त्याच रस्त्याने येणार असते.

प्रवासात जाणारे आयुष्य

घर एकशेपन्नास चौरस फुटांनी मोठे झाले आणि कर्त्या माणसाचा प्रवास रोज दीड तासाने वाढला, तर हिशोब कसा करावा? महिन्याला पंचवीस कामाचे दिवस धरले तर साडेसदतीस तास होतात. वर्षाला साडेचारशे. हे तास आकाशातून येत नाहीत. झोप, व्यायाम आणि मुलांसोबतचा वेळ यांतूनच ते कापले जातात. मधुमेहाच्या रुग्णाला मी रोज अर्धा तास चालायला सांगतो आणि तो प्रामाणिकपणे म्हणतो, ‘‘डॉक्टर, घरी पोहोचायलाच नऊ वाजतात.’’ दुचाकीवर खड्ड्यांतून रोजचा प्रवास करणाऱ्यांची कंबर आणि मान चाळिशीतच बोलू लागते, अपघाताचा धोका तो निराळाच.

मेट्रो आल्यावर हे बदलेल, असे सांगितले जाते. बदलेलही. पण घराचा निर्णय आज असलेल्या रस्त्यावर घ्यावा. उद्या मेट्रो आली तर तो लाभ समजावा.

हप्ता आणि रक्तदाब

कर्जाविषयी बोलणे हे डॉक्टरांचे काम नाही, असे आपण म्हणाल. परंतु निद्रानाश, आम्लपित्त, छातीत धडधड या तक्रारी घेऊन येणाऱ्यांशी थोडे बोलत बसले की कित्येकदा हप्त्याचा विषय निघतो. म्हणून हा हिशोब मी मांडतो. तीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे २६,००० रुपये येतो. वीस वर्षांत एकूण फेड साडेबासष्ट लाखांच्या घरात जाते. त्यात मुद्रांक शुल्क, नोंदणी, वाहनतळ, देखभाल खर्च, नव्या शाळेचे शुल्क आणि वाढलेला प्रवासखर्च मिळवावा.

सर्व हप्ते मिळून हाती येणाऱ्या उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांपलीकडे जाऊ नयेत, हा व्यवहारातील जुना ठोकताळा आहे. वडीलधारे किंवा दीर्घ आजाराचे कोणी घरात असेल तर मी पस्तीस टक्के म्हणेन. त्याशिवाय सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा आणि आरोग्यविमा चालू असावा. हप्त्यासाठी विमा बंद केलेली, रक्तदाबाच्या गोळ्या एक दिवसाआड घेणारी, मुलाचे पंप परवडत नाहीत म्हणून थांबवणारी माणसे मी पाहिली आहेत. ज्या घरासाठी औषध सोडावे लागते, ते घर आपल्या ऐपतीचे नाही.

कागदांविषयी थोडक्यात. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक आणि ताब्याची कबूल केलेली तारीख पाहावी. क्षेत्रफळ चटई क्षेत्रातच मोजावे. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास कायद्याने मनाई आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील दोष दुरुस्त करून देणे ही विकसकाची जबाबदारी आहे. आपल्या तालुक्यातील बऱ्याच गावांसाठी नियोजन प्राधिकरण एमएमआरडीए आहे. तेव्हा केवळ ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर विसंबू नये. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागावे. अनधिकृत इमारतीवर कारवाईची टांगती तलवार असेल तर तेथे कोणत्याही गोळीने झोप लागत नाही.

घरातील वडीलधारे आणि मुले

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला घर बदलणे म्हणजे नुसते सामान हलवणे नसते. अंधारात स्नानगृहाकडे जाण्याचा रस्ता त्याच्या पायांना पाठ असतो. नव्या घरात पहिल्या काही आठवड्यांत पडण्याचा, खुब्याचे हाड मोडण्याचा धोका असतो. स्मृतिभ्रंश असेल तर गोंधळ वाढतो. म्हणून नव्या घरात स्नानगृहात पकडदांडे, न घसरणारी फरशी आणि रात्रीचा मंद दिवा आधीच बसवावा. त्यांचा पलंग, देव्हारा, खुर्ची शक्यतो तशाच दिशेने लावावी. उद्वाहनाला वीज गेल्यावर चालणारी सोय आहे का ते पाहावे. नसेल तर दुसऱ्या मजल्याच्या वर जाऊ नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यांना विचारावे. ‘‘आईला काय कळतंय, तिच्यासाठीच तर घेतोय,’’ असे म्हणणारी मुले भली असतात. पण आईचा दिवस कसा जातो हे त्यांना बहुधा ठाऊक नसते. कोणत्या शेजारणीकडे ती दुपारी बसते, भाजीवाली तिला नावाने हाक मारते का, हे सारे तिच्या प्रकृतीचे आधार आहेत. मुलांच्या बाबतीत दहावी-बारावीच्या वर्षात स्थलांतर टाळावे आणि खेळायला मैदान किंवा निदान वाहनविरहित अंगण आहे का ते पाहावे.

त्या कुटुंबाने काय केले

त्या जोडप्याला मी हेच सारे विचारले. दोघांचे मिळून उत्पन्न बासष्ट हजार. हप्ता बसत होता सव्वीस हजार, म्हणजे बेचाळीस टक्के. पतीचे काम पडघ्याच्या बाजूला, पत्नीची शाळा जुन्या गावात. आजींचे वय एकाहत्तर, गुडघे दुखरे. मुलगी नववीत. मुलाचा खोकला रात्री वाढणारा, आणि घराच्या मागे दोन कारखाने. एका बाजूला हलण्याचे कारण खरे होते, दुसऱ्या बाजूला अडचणीही खऱ्या होत्या.

मी त्यांना एक मार्ग सुचवला. विकत घेण्यापूर्वी त्याच भागात अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहून पाहा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा तेथे काढा. पतीला भाड्याचे पैसे वाया जाणारे वाटले. आजी मात्र म्हणाल्या, ‘‘साडी घेताना आपण अंगावर लावून बघतो. हे तर घर.’’

ते जूनमध्ये भाड्याच्या घरात गेले. पावसाळ्यात मुलाचा रात्रीचा खोकला खरोखर कमी झाला. पंपाची मात्रा मी दोनदा उतरवली. पण माहितीपत्रकातील इमारत त्यांनी पावसात पाहिली तेव्हा तिच्या फाटकाशी गुडघाभर पाणी होते. पतीला कामावर जायला एक तास दहा मिनिटे लागू लागली. त्याने मालकाशी बोलून पाळी बदलून घेतली. एप्रिल-मेमध्ये टँकर आठवड्यातून तीनदा येई. मुलीसाठी त्यांनी आणखी एक वर्ष थांबण्याचे ठरवले, तोवर दहावी होईल. शेवटी त्यांनी त्याच भागात, रस्त्यापासून आत, दुसऱ्या मजल्यावर, आधीपेक्षा सुमारे शंभर चौरस फूट लहान सदनिका पसंत केली आहे. तिला पूर्व-पश्चिम खिडक्या आहेत. हप्ता एकवीस हजारांवर आला आहे.

आजींनी एक अट घातली. दर गुरुवारी त्यांना जुन्या आळीत भजनाला यायचे आहे आणि कोणीतरी सोडायला व न्यायला हवे. मुलाने ते मान्य केले आहे. गुरुवारी भजन संपले की त्या माझ्याकडे रक्तदाब तपासायला येतात आणि तपासण्याच्या आधी पाच मिनिटे नव्या शेजाऱ्यांची हकीकत सांगतात. मी यंत्र बाजूला ठेवून ती ऐकतो. त्यांना ते घर मानवते आहे की नाही, हे मला त्या पाच मिनिटांतही कळते.